मशीनचा हात, पेशंटचा हात

कोरोनाच्या दिवसांची आठवण येते, असं कुणापुढे बोलायची सोय नाही. लोक वेड्यात काढतील. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते तर पुन्हा दारात उभं करणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकतही नाही. पण दीपमालाला ती आठवण यायची. तिच्या स्वतःच्या घरातलं माणूस त्यात गेलं होतं, तरी यायची. आठवण काय कुणाला विचारून येते होय?

आज तर ती सकाळपासूनच मानगुटीवर बसली होती, कारण आज आश्रुबाचा शेवटचा दिवस होता.

बीडमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात दीपमाला सीटी स्कॅनची टेक्निशियन होती. आश्रुबा त्याच खोलीतला मदतनीस. पेशंटला टेबलावर चढवायचं, उतरवायचं, टेबल पुसायचं, हे त्याचं काम. माणूस ठेकेदाराकडचा. ठेकेदाराच्या माणसाला निवृत्ती नसते, नुसतं 'उद्यापासून येऊ नको' असतं. अठ्ठावन्न भरली तसं आश्रुबाला ते सांगण्यात आलं. तरी विभागातल्या लोकांनी लाज राखली, चार वाजता चहा-फरसाण आणि टॉवेल-टोपीचा बेत केला. पाचच्या बसने आश्रुबा शिरूर कासारला, आपल्या गावाकडे जाणार होता.

म्हणजे दीपमालाच्या हातात पाच वाजेपर्यंतचा वेळ होता. चार वर्षांपूर्वी तिने एका कागदावर या माणसाविरुद्ध एक ओळ लिहिली होती. डोळ्यांनी काहीही न पाहता, निव्वळ रागाच्या भरात. ते त्याला सांगून टाकायचं होतं, माफी मागायची होती. चार वर्षांत रोज आठ तास हा माणूस तिच्या समोर होता आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आज नाही फुटला तर मग कधीच नाही.

"मॅडम, व्हरांड्यात हे पिवळे गोल कशाचे आहेत? कुणी रांगोळी काढली होती का?" ऋतुजाने विचारलं. ही मुलगी मागच्याच महिन्यात कामाला लागली होती.

दीपमालाला हसू आलं. त्या गोलांत एके काळी माणसं उभी असायची. एका गोलात एक. आश्रुबाने पत्र्याच्या डब्याचं झाकण ठेवून, त्याभोवती ब्रश फिरवून ते काढले होते. रंग पुरला नाही तेव्हा शेवटचे चार गोल त्याने हळदीचे काढले आणि दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने त्यांना हात जोडले.

वीस सालच्या मार्चमध्ये वरून एक परिपत्रक आलं होतं. आठ पानी, सगळं इंग्रजीत. स्कॅनच्या खोलीत दोघांनीच काम करायचं, एकाने पेशंटला हात लावायचा, दुसऱ्याने फक्त मशीनला, असा त्याचा मथितार्थ. पण वाचणं वेगळं आणि करणं वेगळं. दुसरा टेक्निशियन अजिनाथ पेशंटला उचलून टेबलावर ठेवायचा, धावत येऊन कीबोर्डवर बोटं मारायचा, आणि वर त्याच बोटांनी नाक खाजवायचा. विभागप्रमुख डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. तोही न धुता.

कोपऱ्यात फरशी पुसत असलेला आश्रुबा म्हणाला, "सायेब, ह्ये तर कोयत्यासारखं हाय की."

शिरूरच्या पट्ट्यात हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. उसाला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात.

"आमच्या घरात नियमच व्हता," आश्रुबा म्हणाला. "मी तोडायचो, वनमाला मोळी बांधायची. तोडणारानं मोळीला हात लावायचा न्हाई, बांधणारीनं कोयत्याला. हात बदलला का घोटाळा झालाच. येक तर बोट जातं, न्हाई तर मोळी सुटती. हितं बी तसंच करा. येक हात मशीनचा, येक हात पेशंटचा. सकाळी ठरलं का दिस मावळंस्तर बदलायचं न्हाई."

वनमाला, त्याची बायको, कारखान्याच्या तळावर तापाने गेली होती. मग तो अर्धा कोयता झाला. अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायला मुकादम कुरकुरतात, म्हणून तो या दवाखान्यात आला होता.

दीपमाला स्वतः ऊसतोड्यांचीच पोर. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा खळखळून हसली, आणि आठ पानांचं परिपत्रक सगळ्या विभागाला एका मिनिटात कळलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर पाटी लागली: 'आजचा कोयता: दीपमाला, आश्रुबा.' मोठे डॉक्टरसुद्धा फोन करून विचारायचे, आज कोयता कोणाचा आहे? दीपमाला मशीनचा हात झाली, आश्रुबा पेशंटचा. ती काचेमागे बसून स्पीकरवर सांगायची, "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा." तो आत किट घालून माणसं चढवायचा, उतरवायचा. कीबोर्डला प्लास्टिक, माउसला प्लास्टिक, टेबलाला प्लास्टिक. आणि प्रत्येक पेशंटनंतर आश्रुबाचं पुसणं. ते पाहण्यासारखं असायचं. वरून खाली, स्वच्छाकडून घाणीकडे, एका दिशेने. गेल्या वाटेने फडकं माघारी आणायचं नाही. औषध एक मिनिट ओलं राहिलं पाहिजे असा नियम होता. आश्रुबाचा घड्याळापेक्षा नारायणगडाच्या देवावर भरवसा, तो साठ वेळा 'नारायण' म्हणायचा. घाई असली तरी साठ म्हणजे साठ. एकोणसाठ नाही.

पाच-सहा पेशंट झाले की पंखा लावून, खिडक्या उघडून खोली अर्धा तास रिकामी ठेवायची. त्या अर्ध्या तासात ही दोघं मागच्या अंगणात बसायची, दोन टोकांना. मध्ये सहा फूट. कुणी तरी अनोळखी माणूस गेटवर पिठलं-भाकरीचा डबा ठेवून जायचा. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाकरी मोडत आश्रुबा तळावरच्या गोष्टी सांगायचा. बैलाला ताप आला तेव्हा वनमालाने त्याला स्वतःची वाकळ कशी पांघरली, आणि मग रात्रभर नवऱ्याला कसं कुडकुडत ठेवलं. दीपमाला लहानपणी उसाच्या पाचटात झोपायची ते सांगायची. बाहेर सगळं जग दारं लावून बसलेलं, आणि इथे दोन माणसं सहा फुटांवरून ओरडून गप्पा मारताहेत. इतकं निवांत बोलणं तिच्याशी त्याआधी कुणी केलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आठवण यायची ती या अर्ध्या तासांची.

मग एकवीसचा एप्रिल आला. तेव्हा सगळ्या बीडच्या तोंडी एकच प्रश्न: स्कोर किती? दहावीचे मार्क विचारावेत तसं लोक फुप्फुसाचे मार्क विचारायचे, पंचवीसपैकी किती. इथे मात्र जास्त मिळाले की नापास. अजिनाथ आजारी पडून घरी होता. मशीन चालवणारी आता एकटी दीपमाला. ती पडली की खोलीला कुलूप, आणि दुसरीकडे कुठेही गेलं तरी चार-चार दिवस नंबर लागत नव्हता.

त्या दिवशी दुपारी व्हरांड्यातल्या गोलांत चौतीस माणसं होती. काही उभी, बरीचशी बसलेली, दोन आडवी. पस्तिसावी आली चंद्रभागाबाई. दीपमालाची आई. कारखान्यावरून परतून आठच दिवस झाले होते. भाऊ बद्रीनाथ तिला घेऊन आला होता, तो गेटवरच अडवला गेला. ऑक्सिजन इतका खाली, की डॉक्टरांनी तिला सगळ्यांच्या आधी आत घ्यायला लावलं.

चंद्रभागाबाई गावभर सांगत फिरायची, माझी पोरगी मानसाच्या आतले फोटू काढती. पण मशीनचं ते भलंमोठं गोल कडं पाहिल्यावर तिची पाचावर धारण बसली. विहिरीत ढकलायला आणलं असं तिला वाटलं असणार. ती टेबलावर निजेना. "माझी पोरगी कुठं हाय? तिला बोलवा," एवढंच धाप टाकत म्हणत राहिली. स्पीकरवरून दीपमाला सांगत होती, आई, मी इथेच आहे, काचेमागे आहे. पण भिंतीतल्या आवाजाला काय आई म्हणायचं आणि काय पोरगी?

दीपमाला खुर्चीवरून उठली. किट नाही, नुसता मास्क. दाराला हात घालणार, तोच आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"काका, दार उघडा!"

"मशीनवर बसा, ताई," आतून आश्रुबा म्हणाला. "भायेर लई मानसं हायेत."

तिने दार बडवलं. शिव्या दिल्या. आपल्याला अशा शिव्या येतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. तळावर लहानपणी कानावर पडलेल्या सगळ्या वर आल्या. दार उघडलं नाही. मग आतला आरडाओरडा एकदम थांबला. ती धावत काचेशी आली. काचेतून दिसत होतं ते मशीनचं कडं, आईचे तळपाय आणि पांढऱ्या किटवर शिशाचा एप्रन चढवून आतच उभा राहिलेल्या आश्रुबाची पाठ. आई गप पडली होती. दीपमालाच्या मनात आलं, दाबून धरली असेल यानं. म्हाताऱ्या बाईला बकरीसारखी दाबून धरली असेल.

तिने डोळे पुसले आणि बटण दाबलं. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." स्कोर एकोणीस आला. त्यानंतर तिने आणखी चौतीस जणांचे स्कॅन केले, कारण दुसरं करणार कोण? चौथ्या दिवशी चंद्रभागाबाई वॉर्डातच वारली. तिला शेवटचं कुणीच भेटलं नाही.

आणि मग आश्रुबाला झाला. बारा दिवस तो ऑक्सिजनवर होता. सगळ्या विभागात नियम काटेकोर पाळणारा हा एकच माणूस, त्यालाच कसा झाला म्हणून चौकशीचा कागद आला. त्यात एक रकाना होता: संसर्गाचं संभाव्य कारण. तो दीपमालाने भरायचा होता. आईला जाऊन सहा दिवस झाले होते. मनात राग होता आणि हातात पेन होतं. तिने लिहिलं, 'सदर कर्मचाऱ्याने काम करताना हातमोजा काढला असावा.' खाली सही केली.

एवढीच ओळ. पण पंधरा ऑगस्टला विभागातल्या सगळ्यांना सन्मानपत्रं मिळाली, अगदी ज्यांनी ते वर्ष घरी बसून काढलं त्यांनाही, आणि आश्रुबाच्या नावापुढे 'नियमभंगाची नोंद' म्हणून काट मारली गेली. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात. इथे तर वैद्यही नव्हता, वैद्याचं टेबल पुसणारा होता. त्या दिवशी मंडपातल्या खुर्च्या मांडल्या त्यानेच. दीपमालाचं नाव पुकारलं तेव्हा मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याही त्याने.

राग वर्षभरात ओसरला. त्याने दार लावलं नसतं तर काय झालं असतं, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. राहिली ती लाज. रागापेक्षा लाज वाईट. राग निदान बोलू तरी देतो. अंगणातलं बसणं बंद झालं होतं. अर्ध्या तासाचा नियम गेला, खोल्यांना एसी आले, आणि दोघांमध्ये कामापुरतं बोलणं उरलं.

चार वाजता कार्यक्रम झाला. डॉक्टर दोन शब्द बोलले, त्यातला एक आश्रुबाबद्दल होता. अजिनाथने आश्रुबाच्या डोक्यावर टोपी ठेवली, ऋतुजाने टॉवेल दिला, फरसाण संपलं. दीपमालाला बोला म्हणाले तर तिने नुसती मान हलवली. आश्रुबाने सवयीने कपबशा गोळा करायला घेतल्या, तेव्हा तिला राहवलं नाही.

"ठेवा ते. चला, मी सोडते तुम्हाला स्टँडवर."

स्कूटीवर मागे तो अंग चोरून, पिशवी मांडीवर घेऊन बसला. स्टँडवर शिरूरची बस लागलेली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. दोघं फलाटावरच्या बाकावर बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण मध्ये बरीच जागा सोडली आहे. दोघांनीही.

"काका, एक सांगायचंय."

"सांगा की."

"तुम्ही आजारी पडलात तेव्हा चौकशीचा कागद आला होता. तुम्ही हातमोजा काढला असं त्यात लिहिलं होतं. ते मी लिहिलं." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "मी काहीच बघितलं नव्हतं. तुम्ही दार लावलं म्हणून, आईला दाबून धरलं म्हणून रागानं लिहिलं. तुमचं सन्मानपत्र माझ्यामुळं गेलं."

आश्रुबा बसकडे बघत म्हणाला, "म्हाईत हाय मला. आफिसातल्या बाईंनी तवाच वाचून दाखिवलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत? चार वर्षं? खोटं आहे म्हणून सांगायचं ना!"

"खोटं कावून म्हनू?" तो म्हणाला. "काढलाच व्हता मी मोजा."

दीपमाला त्याच्याकडे वळली.

"तुमी दार वाजवायल्या व्हत्या, अन् तुमची आय टेबलावरून उतरायली," आश्रुबा खालच्या आवाजात सांगू लागला. "म्हनली, पोरगी आल्याबिगर न्हाई निजायची. मी म्हनलं, आली हाय, डोळे मिटा. हात धरला. तर झिडकारला तिनं. म्हनली, ह्यो रबराचा हात माझ्या पोरीचा न्हाई. आता काय करू? भायेर चौतीस मानसं. काढला मोजा, अन् दिला हात. दाबलं-बिबलं न्हाई मी तिला, ताई. देवाशपथ न्हाई."

"आणि तिला कळलं नाही? तुमचा हात..."

"तेच्यावर कोयत्याचे घट्टे हायेत, कळंल असं मला बी वाटलं. तिनं चाचपला. मंग म्हनली, 'लई खरबरीत झाला गं हात तुझा. ह्या औषधानंच. घरी आल्यावर तूप लाव.' अन् तेवढ्यात वरून तुमचा आवाज आला, श्वास घ्या म्हनून. वर आवाज तुमचा, खाली हात माझा. तिला वाटलं, तुमीच हाव. मंग कशाची हालती? तुमी धरून ठेवा म्हनलात, तसा धरला बी तिनं श्वास. पार सोडा म्हनंस्तर."

स्टँडवर कुणी तरी केळीवाला ओरडत होता. दीपमालाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही तिला सुचत नव्हतं. कितीतरी बोलायचं होतं. पण इतकी वर्षं त्या खोलीत काढलेली बाई ती, तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं ते भलतंच.

"उघड्या हातानं, काका?" ती हुंदके देत त्याच्यावर ओरडली. "एकोणीस स्कोरच्या पेशंटला? सगळ्या विभागाला नियम तुम्ही शिकवले, आणि तुम्हीच हातमोजा काढला? मेला असता म्हणजे!"

बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. आश्रुबाने चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली.

"येकच काढला व्हता," तो म्हणाला. "दुसरा व्हता की हातात."

दीपमाला रडता रडता हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला. मग ती सरकून त्याच्याजवळ बसली. "कोणत्या हाताचा?" तिने विचारलं. त्याने उजवा हात पुढे केला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि कंडक्टरने दोनदा हाक मारेपर्यंत सोडला नाही.